डिस्चार्ज कार्डावर नसलेली ओळ

दुपारचे साडेबारा वाजलेले असतात. बालविभागात आज घरी जाणाऱ्या मुलांची आवराआवर चाललेली असते. बाबा खाली बिलाच्या खिडकीपाशी, आई थर्मास, दुपटी आणि खेळण्यातली गाडी एकाच पिशवीत कोंबते आहे. सिस्टर मुलाच्या हातातली सलाईनची सुई काढतात, कापसाचा बोळा दाबून धरतात आणि एका दमात सांगून टाकतात: हे सिरप दिवसातून दोनदा, पंप स्पेसर लावूनच द्यायचा, सोमवारी सकाळी दाखवायला आणा. डिस्चार्ज कार्डावर आजाराचं नाव असतं, तपासण्या असतात, घरी घ्यायच्या औषधांची यादी असते. फ्लूच्या लसीबद्दल मात्र एक अक्षर नसतं. दिली असंही नसतं आणि दिली नाही असंही नसतं.

दम्याच्या धापेनं तीन दिवस ऑक्सिजनवर राहिलेलं मूल असं घरी जातं, आणि महिना-दीड महिन्यात फ्लूनं आजारी पडून पुन्हा त्याच वॉर्डात येऊ शकतं. मधल्या काळात लसीला कुणी विरोध केलेला नसतो. आईनं नको म्हटलेलं नसतं, डॉक्टरांनाही ती अनावश्यक वाटत नसते. विषयच निघालेला नसतो. वॉर्डातल्या डॉक्टरांना वाटतं, नेहमीचे बालरोगतज्ज्ञ बघतील. नेहमीच्या डॉक्टरांना वाटतं, दाखल होता तेव्हा दिली असेल. आईला वाटतं, द्यायची असती तर कुणीतरी बोललं असतं. म्हणून रुग्णालयात दाखल झालेल्या मुलांमधलं फ्लूचं लसीकरण वाढवायचं असेल, तर लोकांची मनं वळवण्याच्याही आधी तीन गोष्टी ठरवाव्या लागतात. विचारायचं कुणी, टोचायचं केव्हा आणि लिहायचं कुठे.

मराठी घरांत 'फ्लू' हा शब्द फार सैल हातानं वापरला जातो. नाक वाहिलं, अंग कोमट लागलं की फ्लू झाला. इन्फ्लुएन्झा विषाणूमुळे होणारा खरा फ्लू वेगळा असतो, आणि हे पुण्याइतकं दुसऱ्या कुठल्या शहराला पटलं नसेल. ३ ऑगस्ट २००९ रोजी पुण्यात चौदा वर्षांच्या एका शाळकरी मुलीचा स्वाइन फ्लूनं मृत्यू झाला. या साथीतला तो देशातला पहिला मृत्यू होता. पुढचे काही आठवडे नायडू रुग्णालयासमोर तपासणीसाठी रांगा लागल्या, शाळा बंद झाल्या, मास्क मिळेनासे झाले. त्या साथीतला एच१एन१ विषाणू नंतर गेला नाही. तो दरवर्षीच्या नेहमीच्या फ्लूत मिसळून गेला. २०१५ साली देशात त्याच्या ४२,५९२ रुग्णांची आणि २,९९० मृत्यूंची अधिकृत नोंद झाली. ही नोंद तपासणी झालेल्यांची आहे. ज्यांच्या घशातला नमुना प्रयोगशाळेपर्यंत पोहोचलाच नाही, ते यात नाहीत.

अमेरिकेत मुलांचा फ्लूनं झालेला प्रत्येक मृत्यू कळवला जातो, त्यामुळे तिथलं चित्र जास्त स्पष्ट दिसतं. २०२४-२५च्या हंगामात तिथे किमान २८० मुलं फ्लूनं दगावली. त्यातल्या चाळीसहून अधिक टक्के मुलांना आधीचा कुठलाही मोठा आजार नव्हता. लस घेण्याजोग्या वयाच्या आणि लसीची माहिती उपलब्ध असलेल्या मुलांपैकी जवळपास नव्वद टक्क्यांची लस पूर्ण झालेली नव्हती. त्याआधी २०१० ते २०१४ या चार हंगामांतल्या मृत्यूंचा अभ्यास झाला होता. त्यात लसीमुळे मुलांच्या मृत्यूचा धोका सुमारे ६५ टक्क्यांनी, आणि आधीपासून आजारी असलेल्या मुलांमध्ये ५१ टक्क्यांनी कमी झालेला दिसला. ही लस शंभर टक्के संरक्षण देत नाही, तसा दावा कुणी करूही नये. साध्या सर्दीवर तर तिचा काहीच परिणाम नाही. लस घेतलेल्या मुलालाही फ्लू होऊ शकतो. पण श्वासाचं यंत्र लागण्यापर्यंत किंवा त्याच्याही पुढे जाण्याची शक्यता बरीच घटते, आणि वॉर्डात दाखल झालेल्या मुलासाठी मोलाचं असतं ते हेच.

गफलतीची सुरुवात एका साध्या प्रश्नापासून होते. दाखल करताना केसपेपरवर एक रकाना असतो, 'लसीकरण'. डॉक्टर विचारतात, "सगळे डोस झालेत ना?" आई म्हणते, "हो, सगळे झालेत." ती खरंच बोलत असते. माता व बाल संरक्षण कार्डावरचा प्रत्येक चौकोन भरलेला असतो, आशाताई घरी येऊन आठवण करून गेलेल्या असतात. पण फ्लूची लस शासनाच्या राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात नाहीच, त्यामुळे त्या कार्डावर तिला चौकोनही नाही. भारतीय बालरोगतज्ज्ञांची संघटना सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतच्या सगळ्या मुलांना, आणि पाच वर्षांवरच्या जोखमीच्या मुलांना दरवर्षी फ्लूची लस द्या, असं सांगते. खासगी दवाखान्यातल्या कार्डावर ती ओळ सापडते, पण तिथेही पहिल्या वर्षी दोन डोस घेऊन पुढची वर्षं कोरी राहिलेली दिसतात. त्यामुळे केसपेपरवरचा प्रश्न बदलायला हवा. "यंदाची फ्लूची लस कधी घेतली?" असं विचारलं की तारीख आठवावी लागते, आणि आठवली नाही तर उत्तर आपोआप मिळतं.

'यंदाची' या शब्दावर भर का, तर हा विषाणू रूप पालटत राहतो. जगभरच्या प्रयोगशाळा वर्षभर त्याचे नमुने गोळा करतात. पुण्याची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था ही त्या जाळ्यातली भारतातली एक महत्त्वाची संस्था आहे, आणि योगायोग असा की पुण्यातली ही संस्था आणि ते जागतिक जाळं, दोन्ही १९५२ सालची. जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा लसीचे घटक ठरवते. फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी आणि सप्टेंबरमध्ये दक्षिण गोलार्धासाठी. भारत नकाशावर उत्तर गोलार्धात असला तरी महाराष्ट्रात फ्लूचा मोठा जोर पावसाळ्यात, जुलै ते सप्टेंबरमध्ये असतो, आणि दुसरी लहान लाट थंडी सरताना येते. म्हणून आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये, पाऊस लागण्याआधी, दक्षिण गोलार्धाची ताजी लस घेतलेली उत्तम. खोक्यावर हंगामाचं साल छापलेलं असतं. ते वाचायची सवय पालकांनी लावून घ्यावी, त्यात डॉक्टरांवर अविश्वास दाखवल्यासारखं काही नाही. मूल जुलैत किंवा ऑगस्टमध्ये दाखल झालं तर 'आता उशीर झाला' असंही समजू नये. लस अंगी लागायला दोनेक आठवडे लागतात आणि साथ त्यानंतरही चालू असते.

आता वॉर्डातली मुलं पाहू. कुणाला धाप, कुणाला जुलाब, कुणाचा हात मोडलेला, कुणाचं अपेंडिक्स काढलेलं. वय सहा महिन्यांच्या पुढे असेल तर या प्रत्येकाचा लसीच्या दृष्टीनं विचार व्हायला हवा. पण काही मुलांच्या बाबतीत तो चुकणं परवडणारंच नाही. दमा असलेली, जन्मतः हृदयदोष असलेली, नेफ्रोटिक सिंड्रोममुळे अंगावर सूज येऊन वर्षातून तीन-चार वेळा दाखल होणारी मुलं. विदर्भात आणि नंदुरबारच्या पट्ट्यात दिसणारा सिकलसेल, ठरावीक दिवसांनी रक्त चढवून घ्यायला येणारी थॅलसेमियाची मुलं, इन्शुलिनवरचा मधुमेह, एचआयव्ही, कर्करोगाचे उपचार. अपुऱ्या दिवसांची जन्मलेली आणि आता वर्ष-दीड वर्षाची झालेली बाळं. आणि सेरेब्रल पाल्सीची किंवा फिटचा आजार असलेली मुलं. यांचा उल्लेख मुद्दाम शेवटी केला, कारण त्यांची नावं यादीतून सगळ्यात जास्त निसटतात. घरच्यांच्या आणि डॉक्टरांच्या डोळ्यांपुढे त्यांचा मेंदूचा आजार असतो, फुप्फुसं नसतात. पण कफ नीट खोकून काढता न येणाऱ्या मुलाला फ्लू फार जड जातो.

कावासाकी आजारानंतर किंवा संधिवाताच्या तापासाठी दीर्घकाळ ॲस्पिरिन घेणारी मुलंही या यादीत येतात. फ्लू आणि ॲस्पिरिन एकत्र आले तर राय सिंड्रोम नावाची, यकृत आणि मेंदूवर घाला घालणारी गुंतागुंत होऊ शकते. ॲस्पिरिन बंद करता येत नसेल तर फ्लू टाळणं हाच मार्ग उरतो. अशा मुलांना इंजेक्शनची लस द्यावी, नाकात फवारायची जिवंत विषाणूची लस नको.

टोचायचं केव्हा, यावर वॉर्डात सगळ्यात जास्त घोळ होतो. आजारी मुलाला लस देऊ नये, हा समज फार खोल रुजलेला आहे आणि तो अर्धाच खरा आहे. साधी सर्दी, खोकला, किरकोळ ताप असताना लस देता येते. मूल मध्यम किंवा गंभीर आजारी असेल तर थांबायचं, तेही लस त्याला अपाय करेल म्हणून नाही. लसीनंतर आलेला ताप आणि मूळ आजाराचा ताप यांची गल्लत होऊ नये, हे त्यामागचं कारण. म्हणजे दाखल झाल्याच्या पहिल्या दिवशी लस देऊ नये, हे बरोबर. पण मग ती सरळ शेवटच्या दिवसावर ढकलली जाते, आणि शेवटचा दिवस हा वॉर्डातला सगळ्यात धावपळीचा दिवस असतो. बिल, औषधं, गाडी, खाट रिकामी करण्याची घाई. लस फ्रीजमधून काढून आणायला सिस्टरकडे दहा मिनिटं नसतात. टोचल्यावर पंधरा-वीस मिनिटं थांबायची घरच्यांची तयारी नसते.

सोपा आणि टिकणारा उपाय असा, की ताप उतरून चोवीस तास झाले आणि मूल खाऊ-पिऊ लागलं की लस द्यायची. बहुतेक मुलांच्या बाबतीत हा दिवस घरी जाण्याच्या आदल्या दिवशी येतो. सकाळच्या राऊंडमध्ये 'उद्या सोडू' असं डॉक्टर म्हणाले, की त्याच वाक्याला जोडून 'आज फ्लूची लस' हेही केसपेपरवर उतरलं पाहिजे. शस्त्रक्रिया ठरलेली असेल तर भूल देण्याच्या अगदी तोंडावर लस टाळून, ऑपरेशननंतर मूल सावरलं की द्यावी.

पालक आणि तरुण डॉक्टरांना अडवणाऱ्या आणखी काही शंका आहेत. दम्यासाठी चार-पाच दिवस स्टेरॉइड दिलं असेल तर या लसीला अडचण नाही. रक्त किंवा इम्युनोग्लोब्युलिन दिलं असेल तरीही नाही. गोवराच्या लसीसाठी त्यानंतर काही महिने थांबावं लागतं, फ्लूची इंजेक्शनची लस मृत विषाणूची असल्यामुळे तो नियम तिला लागू होत नाही. प्रतिजैविकं चालू असली तरी चालतं. अंड्याच्या ॲलर्जीचा बाऊ वर्षानुवर्षं झाला, कारण बहुतेक फ्लूच्या लसी कोंबडीच्या अंड्यात वाढवलेल्या विषाणूपासून बनतात. पण आता अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्रानंही अशा मुलांसाठी वेगळी खबरदारी घेण्याची अट काढून टाकली आहे. मूल आत्ता फ्लूमुळेच दाखल असेल तरी बरं झाल्यावर लस द्यावी. लसीमुळे एकाहून अधिक प्रकारच्या विषाणूंपासून संरक्षण मिळतं, आणि झालेला फ्लू त्यातल्या एकाचा असतो.

खरोखर थांबायचं ते पूर्वी याच लसीनं किंवा तिच्यातल्या घटकानं जिवावर बेतणारी ॲलर्जी झाली असेल तेव्हा. फ्लूच्या लसीनंतर सहा आठवड्यांच्या आत गियां-बारे म्हणजे जीबीएस झाल्याचा इतिहास असेल, तर निर्णय तज्ज्ञांशी बोलूनच घ्यावा. २०२५च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्त्याच्या परिसरात जीबीएसचे रुग्ण वाढले तेव्हापासून हा शब्द घराघरांत पोहोचला आहे, त्यामुळे पालक हा प्रश्न विचारतातच. त्यांना टोलवून लावू नये. ती साथ दूषित पाण्यातून पसरणाऱ्या जंतूशी जोडली गेली होती, लसीशी नव्हे, हे नीट समजावून सांगावं.

कर्करोगाच्या मुलांचं वेळापत्रक मात्र प्रत्येकाचं वेगळं असतं. केमोथेरपीच्या भरात लस दिली तर शरीर तिला पुरेसा प्रतिसाद देत नाही. शक्यतो दोन फेऱ्यांच्या मधला काळ त्यांच्या डॉक्टरांनीच निवडावा, आणि त्याच वेळी आई-वडील आणि भावंडांनीही लस घ्यावी. मुलाला पुरेसं संरक्षण मिळेल याची खात्री नसते तेव्हा घरातल्यांनी घेतलेली लस त्याच्या कामी येते.

बोलण्याची पद्धत हा या सगळ्यातला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित भाग. अमेरिकेत सिएटलच्या परिसरात डॉक्टर आणि पालक यांच्यातल्या लसींविषयीच्या १११ संवादांचं चित्रीकरण करून एक अभ्यास झाला, तो २०१३ साली प्रसिद्ध झाला. काही डॉक्टर 'लसींचं काय करायचं ठरवलंय तुम्ही?' अशा अर्थाचं विचारत. काही जण 'आज अमुक लसी द्यायच्या आहेत' असं सांगून बोलणं सुरू करत. पहिल्या पद्धतीत ८३ टक्के पालकांनी आढेवेढे घेतले, दुसऱ्या पद्धतीत २६ टक्क्यांनी. पुढचा निष्कर्ष तर त्याहून कामाचा आहे. पालकांनी नाही म्हटल्यावरही डॉक्टरांनी आपला सल्ला सोडला नाही, तिथे सुरुवातीला विरोध करणाऱ्यांपैकी ४७ टक्के पालक नंतर राजी झाले. म्हणजे पहिला नकार हा बऱ्याचदा एक प्रश्नच असतो, आणि त्याला उत्तर मिळालं नाही की त्याचा पक्का नकार होतो.

आपल्या वॉर्डात हेच कसं बोलावं? "फ्लूची लस द्यायची का?" असं विचारलं की आईच्या मनात पहिलं येतं ते, इतकी इंजेक्शनं झाली, आता आणखी एक कशाला. त्याऐवजी सिस्टर म्हणू शकतात, "ताई, याला दम्याचा त्रास आहे, आणि पावसाळ्यात फ्लूची साथ असते. उद्या ताप नसला तर फ्लूची लस देऊनच घरी सोडू. काही शंका असेल तर आत्ता विचारा." यात सल्ला ठाम आहे आणि नाही म्हणायची मोकळीकही आहे. परवानगी घ्यायची ती घ्यायचीच. पालकांच्या नकळत लस टोचणं कुठल्याही चांगल्या हेतूनं समर्थनीय ठरत नाही.

'उद्या' या शब्दाचाही उपयोग आहे. आपल्याकडे दवाखान्यात मुलाजवळ आई किंवा आजी असते, आणि निर्णय घरच्या तीन-चार जणांत मिळून होतो. "यांना विचारून सांगते" हे उत्तर टाळाटाळीचं नसतं, ती आपल्या घरांची रीत आहे. डिस्चार्जच्या दिवशी दुपारी विचारलं तर विचारायला वेळच उरत नाही. दाखल झाल्याच्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी विषय काढला, तर संध्याकाळी बाबा डबा घेऊन येतात तेव्हा बोलणं होतं, पैशांची तजवीज होते, आजीच्या शंकाही पुढे येतात. आजी बहुधा विचारते, लसीनं ताप येईल का? खरं उत्तर असं आहे: दंड किंवा मांडी एक-दोन दिवस दुखेल, थोडा ताप येऊ शकतो, पण मृत विषाणूच्या लसीमुळे फ्लू होत नाही.

हे सगळं एकट्या डॉक्टरांच्या आठवणीवर सोडलं तर पहिले पंधरा दिवस चालतं आणि मग वॉर्डात डेंग्यूचे रुग्ण वाढले की मागे पडतं. अमेरिकेतल्या रुग्णालयांना हा धडा आधी शिकावा लागला. तिथे २०१२पासून काही वर्षं ऑक्टोबर ते मार्च या काळात दाखल झालेल्या सहा महिन्यांवरच्या प्रत्येक रुग्णाला लसीबद्दल विचारलं का, आणि गरज असेल तर घरी सोडण्याआधी ती दिली का, हे रुग्णालयाच्या दर्जाचं एक मोजमाप होतं. त्यानंतर बालरुग्णालयांनी ज्या युक्त्या केल्या त्या इथल्या वीस खाटांच्या रुग्णालयातही करता येतात. दाखल करून घेणारी सिस्टरच लसीचा प्रश्न विचारते. प्रत्येक मुलासाठी डॉक्टरांची वेगळी चिठ्ठी लागू नये म्हणून आधीच सही केलेला एक स्थायी आदेश असतो: वय बसतं, ॲलर्जीचा इतिहास नाही, ताप उतरला आहे, पालकांची संमती आहे, तर लस द्यावी. शंका असेल तरच डॉक्टरांना विचारायचं. आणि दर महिन्याला किती मुलांना लस मिळाली याचा आकडा वॉर्डातल्या सगळ्यांना कळतो.

या आकड्यासाठी संगणक लागत नाही, दोनशे पानी वही पुरते. समजा एका महिन्यात चाळीस मुलं दाखल झाली. सहा जण सहा महिन्यांच्या आतले, चौघांनी यंदाची लस आधीच घेतलेली. उरले तीस. त्यातल्या सहा जणांना लस दिली, म्हणजे वीस टक्के. एवढ्यावर वही मिटली तर फायदा नाही. उरलेल्या चोवीस जणांपुढे कारण लिहायचं: विचारलंच नाही, घरच्यांनी नको म्हटलं, रविवारी सोडलं, लस संपली होती, पैसे नव्हते. पहिल्या महिन्यात बहुतेक कारणं 'विचारलंच नाही' या रकान्यात सापडली तर नवल नाही, आणि ती लवकर कमी करता येतात. रविवारी सोडलेल्या मुलांची रांग लांबली तर त्या दिवशी बंद असलेल्या औषधाच्या दुकानाच्या किल्लीचा प्रश्न सोडवावा लागेल. घरच्यांचा नकार वाढत असेल तर बोलण्याची पद्धत तपासावी लागेल. कारण कळल्याशिवाय नुसत्या सूचनांचे कागद भिंतीवर लावून काही हलत नाही.

पैशांचा मुद्दा बाजूला ठेवता येणार नाही. खासगीत या लसीला साधारण दीड-दोन हजार रुपये लागतात, आणि आठवडाभर दवाखान्याचं बिल भरलेल्या घराला ते जड जातात. आरोग्य विम्यात प्रतिबंधक लस सहसा बसत नाही, म्हणून दाखल होतानाच किंमत सांगावी आणि तिचं बिल वेगळं असेल हेही. महाराष्ट्रानं २०१५पासून गरोदर स्त्रिया, मधुमेही आणि आरोग्य कर्मचारी यांच्यासारख्या जोखमीच्या गटांना ही लस मोफत द्यायला सुरुवात केली. तीच दृष्टी सरकारी वॉर्डात वारंवार दाखल होणाऱ्या नेफ्रोटिक, सिकलसेल आणि हृदयरोगाच्या मुलांकडे वळायला हवी, आणि हे मागणं बालरोगतज्ज्ञांनी आकड्यांसह मांडायला हवं. तोवर सरकारी रुग्णालयातल्या पालकांनी समाजसेवा अधीक्षकांना भेटावं. एखाद्या संस्थेच्या किंवा देणगीच्या मदतीनं लस मिळवून देणं त्यांना जमू शकतं. धर्मादाय रुग्णालयांत निर्धन आणि दुर्बल घटकांसाठी प्रत्येकी दहा टक्के खाटा असतात. तिथे दाखल असलेल्या मुलाच्या लसीचा खर्च निर्धन रुग्णांसाठीच्या निधीतून करता येईल का, हे विचारायला संकोच करू नये.

रुग्णालयात लस नसेल आणि ती बाहेरून आणायला सांगितली, तर एक काळजी घ्यायची. ही लस दोन ते आठ अंश तापमानात ठेवावी लागते आणि गोठली तर निकामी होते. खिशात किंवा गाडीच्या डिकीत टाकून आणू नये, आणि उघड्या बर्फावर टेकवूनही नाही. दुकानदाराकडून बर्फाच्या पाकिटांसह डबा घ्यावा, लसीचं खोकं आणि बर्फ यांच्यामध्ये कागदाची जाड घडी ठेवावी आणि आणल्याबरोबर सिस्टरच्या हातात द्यावी. खोक्यावरची बॅच नंबरची चिठ्ठी फेकू नये, ती डिस्चार्ज कार्डावर चिकटवून घ्यावी.

सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला ही लस देता येत नाही. नवजात शिशू विभागातून घरी जाणाऱ्या बाळाच्या बाबतीत म्हणून आईला, बाबांना आणि बाळाला सांभाळणाऱ्या आजीला लस द्यायची. स्तनपान देणाऱ्या आईला ती सुरक्षित आहे. अपुऱ्या दिवसांच्या बाळाचे सहा महिने जन्मतारखेपासून मोजायचे, दिवस भरले असते त्या तारखेपासून नाही. ती तारीख घरी सोडतानाच कॅलेंडरवर खूण करून आईच्या हाती द्यावी.

नऊ वर्षांच्या आतलं मूल पहिल्यांदाच फ्लूची लस घेत असेल तर त्याला चार आठवड्यांच्या अंतरानं दोन डोस लागतात, आणि दुसरा डोस चुकण्याचं प्रमाण सगळ्यात जास्त. तोवर मूल बरं झालेलं असतं, शाळा सुरू झालेली असते, दवाखान्याचं नाव काढायला कुणी तयार नसतं. डिस्चार्ज कार्डावर 'पुन्हा या' एवढं लिहून भागत नाही. दुसऱ्या डोसची नेमकी तारीख, वार आणि तो कुठे मिळेल तिथला पत्ता लिहावा. मूल गावाकडे जाणार असेल तर तालुक्याच्या ठिकाणच्या बालरोगतज्ज्ञांच्या नावे दोन ओळींची चिठ्ठी द्यावी. आणि वॉर्डातल्या त्याच वहीत, नावापुढे, आईचा फोन नंबर लिहून ठेवावा, म्हणजे चौथ्या आठवड्यातल्या सोमवारी दुपारी, वॉर्ड जरा शांत असताना, सिस्टरना एक फोन करता येईल.